भावाची फुंक

प्रियदर्शनी लोंढेच्या कार्यक्रमपत्रिकेवर एक ओळ कायम असायची : 'यातला काही भाग कलाकारांना मंचावरच, त्या क्षणी सुचेल.' तबल्यावर मिहिर असायचा, गायला स्वरदा. त्या दोघांच्या बाबतीत ही ओळ खरी होती. प्रियदर्शनीच्या बाबतीत ती खोटी होती आणि हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बारामतीत भिगवण रस्त्याला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचा संगीताचा वर्ग. सकाळी विद्यार्थी यायच्या आधी ती दार आतून लावून पियानोपुढे बसायची आणि शनिवारच्या कार्यक्रमात तिला जे 'त्या क्षणी सुचणार' असायचं, ते आठवडाभर घोटून तयार करायची. कुठं थांबायचं, कुठं चुकल्यासारखं करून सावरायचं, कुठं मान वर करून मिहिरकडे बघायचं, हे सगळं वहीत लिहिलेलं. एका पानावर तर समासात 'इथं हसणे' असंही लिहिलं होतं.

रचनाकार म्हणून ती खोटी नव्हती, हेही लगेच सांगायला हवं. बिहागातली एखादी जुनी चाल घ्यायची, ती सात मात्रांत बसवायची आणि तिच्याखाली पियानोवर जॅझमधले दाट, किंचित कडवट स्वरमेळ असे सरकवायचे की ऐकणाऱ्याला ओळखीच्या घरात नवीन खिडकी पाडल्यासारखं वाटावं, हे तिला फार चांगलं जमायचं. पुण्या-मुंबईची जाणकार माणसं तिला ऐकायला यायची. तिच्या रचनांना एक शिस्त होती, विचार होता. जे नव्हतं ते तिला नेमकं ठाऊक होतं, कारण ते तिनं लहानपणापासून रोज घरात बघितलं होतं. ते तिच्या भावाकडं होतं.

लोंढ्यांचं घर इंदापूरचं. आजोबा धोंडीबा लोंढे यांचा लग्नात वाजवायचा बँड होता आणि ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. वडील एसटीत कंडक्टर, म्हणजे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळं घरावर आणि नातवंडांवर हुकूम चालायचा तो आजोबांचा, म्हणजे आबांचा. तिचा भाऊ बुद्धघोष दहा वर्षांचा झाला तेव्हा आबांनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं. प्रियदर्शनी आठ वर्षांची होती. तिनंही हात पुढं केला.

"तुला न्हाय," आबा म्हणाले. "तू बाजाची पेटी शीक. बारामतीला चांगल्या मास्तरकडं घालतो तुला."

"मला हेच पाहिजे."

"वरातीत वाजवायचं काम हाय ह्ये दर्शे. पिऊन आल्यालं लोक अंगावर येत्यात. वाजवून झालं की दाराभाईर बसवून वाढत्यात. त्या रस्त्यावर माझी नात उभी ऱ्हानार न्हाय."

आबांनी शब्द पाळला. दर रविवारी ते स्वतः तिला एसटीनं बारामतीला रमाकांत सरांच्या वर्गाला घेऊन जायचे, तास संपेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे आणि परत आणायचे. पुढं तिला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांशी भांडलेही तेच. मोठी झाल्यावर हे सगळं तिला समजलं. पण समजून काही फरक पडला नाही. आठ वर्षांच्या पोरीला एवढंच दिसलं होतं, की खोक्यातलं काळं, चांदीच्या चाव्यांचं ते वाद्य तिच्या डोळ्यांदेखत दादाच्या हातात गेलं.

आणि दादा रियाज करायचा नाही. तिची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती. ती दुपारभर पेटीवर पलटे घोटायची. तो क्रिकेट खेळून यायचा, उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचा, क्लॅरिनेट उचलायचा आणि तिचाच पलटा तिची टर उडवायला वाजवायचा. पहिल्यांदा तो पलटाच असायचा. दुसऱ्यांदा त्याचं शेपूट कुठंतरी वळलेलं असायचं. तिसऱ्यांदा ते गाणं झालेलं असायचं. आबा जेवत असले तर घास हातात धरून ऐकायचे. आई चंद्राबाई भाकरी थापायची थांबायची. प्रियदर्शनी पेटीचा भाता बंद करायची आणि मागच्या दारानं निघून जायची.

अकरा वर्षांची असताना, एका लग्नाच्या सकाळी, तिनं त्याच्या क्लॅरिनेटची रीड, तोंडाशी लावायची ती पातळ पट्टी, मोडून चुलीत टाकली. तो रडला. घरभर शोधाशोध झाली. तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. त्या दिवशी दिवसभर तिला अंग हलकं हलकं वाटत होतं आणि पुढं कधीही तिला त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पुण्यात तिनं संगीताची पदवी घेतली. कॅम्पात एक गोव्याकडचे म्हातारे पियानोवादक होते. त्यांच्याकडं सहा वर्षं जाऊन ती जॅझ शिकली. त्यांनी एकदा तिला म्हटलं होतं, "तुझ्या बोटांना सगळं येतं. पण घरून सांगून निघाल्याशिवाय ती कुठं जात नाहीत." ती हसली होती. मग खोलीवर येऊन पुढच्या तासाला काय 'सुचायला' हवं ते तिनं पहिल्यांदा वहीत लिहून काढलं. म्हाताऱ्या सरांना त्या तासाला फार आनंद झाला. तिथून ती सवय लागली.

बुद्धघोष बारावीनंतर इंदापूरबाहेरच्या एका दूध शीतकरण केंद्रात लागला. आबा गेल्यावर बँड त्याच्याकडं आला. लग्नसराईत रजा टाकून तो वाजवायचा आणि एरवी टाक्यांचं तापमान बघायचा. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बहिणीचा कार्यक्रम असला की तो पांढरा शर्ट घालून तिसऱ्या-चौथ्या रांगेत येऊन बसायचा आणि संपल्यावर सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या तिला सोसवायच्या नाहीत. तो थट्टा करत असता तर बरं झालं असतं.

*

ज्या रचनेमुळं पुढचं सगळं घडलं तिचं नाव 'टेल'. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडं येतो आणि त्याच्या अगदी शेवटच्या भागाला, जिथं पाणी सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी पोचतं, त्याला आमच्याकडं टेल म्हणतात. प्रियदर्शनीला कालव्याच्या वाटेनं जाणारी चार भागांची रचना करायची होती. पहिले तीन भाग चटचट झाले. चौथा, इंदापूरचा, काही केल्या होईना. तिनं सात वेळा लिहिला आणि सात वेळा खोडला.

एप्रिलमध्ये ती आईला भेटायला इंदापूरला गेली. पाच वाजता बाजारपेठेतून वरात चालली होती. बँड दादाचाच. ती पुढं गेली नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर, ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहिली.

तासभर नेहमीचीच गाणी चालली. मग वळणावर जनरेटरची गाडी अडकली आणि जनरेटरही बंद पडला. ती निघेना. नाचणारी पोरं घामेजून सावलीला बसली, ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले, नवरदेव गाडीत मोबाइल बघत बसला. रस्त्याच्या मधोमध बुद्धघोष एकटा उभा होता. त्यानं कुणाकडं न बघता क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

चारुकेशी होता. पण असा चारुकेशी तिनं ऐकला नव्हता. सूर मध्यमापर्यंत चढायचा, आता पंचमावर विसावणार असं वाटायचं आणि तो पंचमाला न शिवता बाजूनं निघून थेट कोमल धैवतावर जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा टाळायचा. दर वेळी वाट वेगळी. एखाद्या माणसाचं नाव ओठांवर येऊनही घ्यायचं नाही, तसं ते होतं. पायरीवर उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, हे संपू नये. पण त्याच्या आधी, क्षणभर आधी, दुसरंच काहीतरी आलं होतं आणि ते तिनं नीट ओळखलं. जनरेटर लगेच सुरू व्हावा आणि ह्याचं हे बंद पडावं, असं तिला वाटलं होतं.

जनरेटर चार मिनिटांनी सुरू झाला. तोवर तिनं ओढणीआडून सगळं मोबाइलवर टिपून घेतलं होतं. आईला न भेटताच ती परत बारामतीला आली.

चौथा भाग तीन दिवसांत लिहून झाला. दादाची ती चार मिनिटं तिनं पियानोवर उतरवली, थोडी कापली, खाली स्वरमेळ घातले, शेवट स्वरदाच्या गळ्यात दिला. पत्रिकेत या भागाबद्दल छापलं होतं : 'पियानोवर उत्स्फूर्त वादन'.

बारामतीच्या नाट्यगृहात जूनमध्ये 'टेल'चा पहिला प्रयोग झाला. तीन भागांना लोकांनी चांगली दाद दिली. चौथा संपल्यावर कुणी टाळीच वाजवेना. सभागृह गप्प बसून राहिलं आणि मग एकदम उठलं. पुण्याच्या एका समीक्षकानं पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'चारुकेशीत पंचम टाळण्याचं धाडस करायला तयारीच्या पलीकडचं काहीतरी लागतं.' तिनं ते कात्रण कापून ठेवलं आणि पुन्हा कधी वाचलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी आई आणि दादा तिसऱ्या रांगेत होते. प्रयोग संपल्यावर ती मंचामागच्या खोलीत जाऊन बसली. दादा येणार, विचारणार. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. 'प्रेरणा घेतली.' 'तुला सांगणारच होते.' 'राग काय कुणाच्या मालकीचा असतो का?'

बुद्धघोष आत आला. त्याचे डोळे ओले होते.

"दर्शू," तो म्हणाला, "त्ये शेवटचं कसं सुचलं गं तुला? मला जन्मात सुचलं नसतं."

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिनं निरखून बघितलं. खरोखर नव्हता. आपणच ते वाजवलं होतं, हे तो साफ विसरला होता.

तयार ठेवलेल्या उत्तरांतलं एकही कामाला आलं नाही. "सुचलं," एवढंच ती म्हणाली.

*

त्यानंतरचे महिने वाईट गेले. चोरी पकडली गेली असती तर तिला शरम वाटली असती आणि शरम कधीतरी ओसरते. पण तिनं ज्याचं चोरलं, त्याच्या ते लक्षातही नव्हतं. तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा क्षण हा त्याच्या आयुष्यातला जनरेटर अडकलेला एक वेळ होता. रोज तसं किती सांडत असेल? किती वरातींत, किती कोपऱ्यांवर? तिला हिशेब लागेना आणि तिचं डोकं तापायचं.

त्यातून दादानं वेगळंच आरंभलं. त्यानं तो चौथा भाग ऐकून ऐकून बसवला आणि वरातीत वाजवायला सुरुवात केली. लोक विचारायचे, तेव्हा अभिमानानं सांगायचा, "माझ्या भैनीचं हाय. बारामतीला असती ती." इंदापुरात त्या तुकड्याला लोक 'लोंढेबाईचं' म्हणायला लागले. आईनं फोनवर कौतुकानं हे सांगितलं तेव्हा प्रियदर्शनीनं कूकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला.

सप्टेंबरात एका दुपारी तालीम चालली होती. स्वरदा तेवीस वर्षांची, मनात येईल ते बोलणारी. ती म्हणाली, "ताई, आज चौथा भाग वेगळा वाजव ना. मला मागं काय येईल ते माहीत नकोय."

प्रियदर्शनीनं सुरुवात केली. बोटं त्याच वाटेनं गेली. तिनं थांबून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

मिहिरनं तबल्यावरून हात उचलले. "दर वेळी अगदी तेच कसं सुचतं ताई तुला?" तो हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

"आजची तालीम बस," ती म्हणाली. "जा तुम्ही घरी."

दोघं एकमेकांकडं बघत वाद्यं आवरून गेले.  तिनं गाडीची किल्ली घेतली आणि इंदापूरची वाट धरली.

काटेवाडी मागं पडली, भवानीनगर गेलं, निमगावात एका ट्रॅक्टरमागं वीस मिनिटं अडकली. शेजारच्या सीटवर मोबाइल होता. वाटेत दोनदा तिनं गाडी बाजूला घेऊन परत फिरायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा पुढं गेली.

शीतकरण केंद्रात बुद्धघोष गमबूट घालून फरशी धूत होता. बहिणीला बघून त्यानं पाइप बंद केला. "आगं, फोन तरी करायचास. आई बरी हाय नव्हं?"

"आई बरी आहे. हे ऐक."

तिनं एप्रिलमधलं ते टिपलेलं लावलं. टाक्यांच्या घरघरीत त्याला नीट ऐकू येईना, म्हणून तो मोबाइल कानाशी धरून बाहेर कडुलिंबाखाली गेला, ती त्याच्यामागं. अर्धं ऐकल्यावर त्यानं विचारलं, "कोन हाय ह्यो? तुझंच त्ये शेवटचं वाजिवतोय की. पर जरा येगळं वाटतंय."

"तू आहेस."

"मी?"

"बाजारपेठेतली वरात. जनरेटर अडकला होता. एप्रिलमध्ये."

त्यानं पहिल्यापासून पुन्हा लावलं. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. मध्येच तो हसायला लागला, अगदी मनापासून.

"व्हय व्हय व्हय! आगं, त्या दिवशी चावीखालचं पॅड फाटलं हुतं माझं. पंचमाला गेलं की नुसतं चीं करायचं. चारचौघांत इज्जत जायाची. म्हनून त्याला चुकवून चुकवून वाजिवलं बघ." तो पुन्हा ऐकायला लागला. "हितं बघ, हितं जवळजवळ लागलाच हुता. लई घाम फुटला हुता मला."

प्रियदर्शनीला वाटलं, आपण आता ओरडू. धाडस! पुण्याच्या त्या माणसानं ज्याला धाडस म्हटलं होतं ते एक फाटलेलं पॅड होतं. पण तिचा संताप त्या पॅडवर नव्हता. तिचं पॅड फाटलं असतं तर तिनं वाजवणं थांबवलं असतं. वाद्य दुरुस्तीला दिलं असतं. वहीत दुसरं काहीतरी लिहिलं असतं. ह्याला मोडक्या वाद्यातूनसुद्धा वाट सापडत होती आणि तो घामाघूम होऊन हसत होता.

मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"म्हंजी त्ये तुझं न्हाय."

"नाही."

"आन् मी गावभर सांगत सुटलोय, भैनीचं हाय म्हनून."

 त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला.

"तू कुठं हुतीस तवा?"

"मेडिकलपाशी."

"मग फुडं का न्हाय आलीस? आमी रस्त्यात हुतो म्हनून?"

"तसं नाही दादा."

"मग कसं?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा ते सांगितलं. उभ्या उभ्या, कडुलिंबाखाली. "मला तुझा हेवा वाटतो. आबांनी तुझ्या हातात क्लॅरिनेट दिलं त्या दिवसापासून. तू न शिकता वाजवतोस आणि मी शिकूनसुद्धा नाही. मी मंचावर जे करते ना, ते सगळं घरून लिहून नेते. प्रत्येक वेळी. तुझी रीड मीच मोडली होती. आणि त्या पायरीवर उभी असताना तुझं ते वाजवणं बंद पडावं, असं वाटलं होतं मला."

बुद्धघोष बराच वेळ गमबुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"माझा हेवा," तो म्हणाला. "आबा दर आयतवारी तुला घिऊन बारामतीला जायाचं. मी दारात उभा राहून बघायचो. मला कुनी कदी इचारलं, बाबा तुला शिकायचं का? माझ्या हातात दिलं आन् म्हनले, वाजीव, पोट भरंल. तुझ्या म्होरं त्ये कागुद असत्यात, त्यातलं एक अक्षर मला कळत न्हाय. तुझ्या कार्यक्रमाला येतो तवा मला वाटतं, ही कुठं जाऊन बसली आन् मी हितंच." तो आत जायला वळला. "जा आता. टँकर यायचा हाय."

"दादा..."

"जा म्हनलं ना."

*

दोन महिने तो बोलला नाही. वरातीत तो तुकडा वाजवणंही त्यानं बंद केलं, असं आईकडून कळलं. प्रियदर्शनीनं मिहिर आणि स्वरदाला बसवून सगळं सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. मिहिर पानं उलटत राहिला आणि 'इथं हसणे'पाशी आल्यावर त्यानं मान वर केली नाही. स्वरदा रागावली. ती म्हणाली, "आम्हाला का फसवलंस ताई?" आणि आठवडाभर तालमीला आली नाही. नंतर आली, पण काही दिवस तिच्याशी जपून बोलत राहिली.

नव्या पत्रिकेवर प्रियदर्शनीनं छापलं : 'चौथा भाग मूळ वादन : बुद्धघोष लोंढे, इंदापूर'. समीक्षकालाही तिनं पत्र लिहून खरं काय ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. एक पत्रिका दादाला पाठवली, सोबत चिठ्ठी. 'टेल'चा प्रयोग इंदापुरात डिसेंबरात आहे, तू वाजवशील का. त्याचंही उत्तर आलं नाही.

प्रयोग शाळेच्या मैदानावर होता. दुपारी चारची वेळ, थंडीतलं ऊन, खुर्च्या आणि सतरंज्या. तालमीला बुद्धघोष आलाच नव्हता, म्हणून चौथा भाग तिनं पियानोवरच धरला होता. तिसरा भाग संपता संपता स्वरदानं तिला कोपरानं ढोसलं. मंचाच्या पायऱ्यांवर दादा उभा होता. पांढरा शर्ट, हातात क्लॅरिनेट. तो वर आला, मिहिरच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्याकडं न बघता त्यानं सुरुवात केली.

तो तुकडा त्यानं वाजवलाच नाही. चारुकेशीच होता, पण पहिल्याच फुंकरीला तो पंचमावर गेला आणि तिथं पाय पसरून बसला. भरघोस, मोकळा पंचम. ती वाट बघत राहिली, आता तो आपल्या ओळखीच्या जागी येईल. तो आला नाही. तिच्यापुढं चौथ्या भागाचा कागद होता आणि त्यातली एकही ओळ लागू नव्हती.

तिचे हात पियानोवर अधांतरी होते. समोर सारं इंदापूर बसलं होतं. पहिल्या रांगेत आई. मिहिर ठेका धरून तिच्याकडं बघत होता. तिनं एक स्वर वाजवला. तो चुकला. दादाच्या सुराशी असा भांडला की पुढच्या दोन बायांनी मान फिरवली. तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला. दुसरा स्वर लागला. तिसरा कसाबसा. दादा पुढं पळायचा, ती मागून धापा टाकत जायची. मध्येच तो थांबून वाट बघायचा आणि त्या थांबण्याचाही तिला संताप यायचा. रागाच्या भरात तिनं गांधारावर असा एक स्वरमेळ दाबला जो तिनं कधी लिहिला नसता, कारण तो तिथं बसतच नव्हता. तिनं तो पुन्हा दाबला. आणि तिसऱ्यांदाही. क्लॅरिनेट अडखळलं. एक आवर्तन पूर्ण कोरं गेलं. मग दादा खालच्या सप्तकातून, चाचपडत, वेगळ्याच वाटेनं वर आला.

दहा-बारा मिनिटांनी ते कुठंतरी संपलं. शेवट ठरलेला नसल्यामुळं मिहिरनंच तिहाई घेऊन तो केला. टाळ्या पडल्या, बारामतीसारख्या नव्हत्या. लोक जरा गोंधळलेले होते. स्वरदा आत येऊन म्हणाली, "खरं सांगू का ताई? चांगलं नाही झालं. पण मी तुझ्याकडं पहिल्यांदा बघतच राहिले."

बुद्धघोष मंचामागं क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पुसत होता. ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. 

"त्ये तू गांधारावर तिसऱ्यांदा आलीस ना," तो म्हणाला, "तितं मला कायच सुचंना. घाबारलोच मी. म्हनलं, आता ही कुठं न्हेती मला."

"काय?"

"घाबारलो म्हनलं."

तिनं ते त्याला आणखी एकदा सांगायला लावलं. त्याच्या घाबरण्याचा जो आनंद तिला झाला तो चांगला आनंद नव्हता, पण होता. तो तिनं लपवला नाही आणि बुद्धघोषलाही तो दिसला असावा, कारण तो गालातल्या गालात हसला.

आता दर गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, बुद्धघोष इंदापूरहून एसटीनं बारामतीला येतो. त्याला स्वरलिपी वाचायला शिकायचं आहे, दोन्ही पद्धतींची, आपलीही आणि पाश्चात्त्यही. त्यानं स्वतःच विचारलं, तेही आईच्या मार्फत. प्रियदर्शनी कडक शिकवते. इतर विद्यार्थ्यांना ती एकदा चुकल्यावर सोडते, त्याला सोडत नाही. तो बाकावर वाकून बोटानं ओळ धरून वाचतो, ओठ हलवतो, अडला की मान वर न करता "थांब, सांगू नगंस" म्हणतो.

चौथ्या गुरुवारी त्यानं एक अख्खं पान न अडखळता वाचून, पुढं वाजवूनही दाखवलं. तिला पुण्यात तेवढ्याला पाच महिने लागले होते. जुना हेवा पुन्हा जागा झाला. अगदी तोच, ओळखीचा, आठ वर्षांच्या वयातला. तिनं पान उलटलं आणि त्याच्यापुढं त्याहून बरंच अवघड पान ठेवलं.

"हे वाच," ती म्हणाली.